धंतोलीच्या गच्चीवर, परातभर तेलात सूर्य

नागपुरात सेक्स्टंट वापरायचा तर पहिली अडचण क्षितिजाची. हे यंत्र सूर्य किंवा तारा आणि त्याच्या खालचं क्षितिज यांच्यातला कोन मोजतं, आणि समुद्र इथून कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर लांब. 'फुटाळा तलावावर जा ना, पाणी आहेच' असं सगळेच सुचवतात. पाणी आहे, क्षितिज नाही. डोळा पाण्यापासून ३ मीटर उंच आणि पलीकडचा काठ ५०० मीटरवर धरला, तर काठाची रेषा खऱ्या आडव्या पातळीच्या जवळपास २१ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, खूण ′) खाली दिसते. दुरुस्ती करता येते, नाही असं नाही. पण डोळ्याच्या उंचीत १० सेंटिमीटर चुकलं की उत्तर ०.७ कलेनं हलतं आणि काठाच्या अंतरात ५० मीटर चुकलं की दोन कलांनी. समुद्रावर त्याच ३ मीटर उंचीला जेमतेम ३ कलांची दुरुस्ती लागते आणि अंतराचा प्रश्नच येत नाही. अक्षांशाची एक कला म्हणजे १.८५ किलोमीटर. तलावाचा नाद तिथेच सोडला.

उपाय जुना आहे: कृत्रिम क्षितिज. कुठलाही द्रव पदार्थ शांत ठेवला की त्याचा पृष्ठभाग आपोआप आडवा होतो. त्यात दिसणारं सूर्याचं प्रतिबिंब सूर्य जेवढा वर तेवढंच खाली असतं. सेक्स्टंटमधून आकाशातला सूर्य खाली आणून या प्रतिबिंबाला टेकवला, की वाचलेला कोन सूर्याच्या उन्नतांशाच्या, म्हणजे आडव्या पातळीपासूनच्या उंचीच्या, दुप्पट येतो. निम्मा केला की काम झालं, आणि यंत्राच्या वाचनातली चूकही निम्मी होते. डोळ्याच्या उंचीची दुरुस्ती लागत नाही, कारण खरं क्षितिज मध्ये येतच नाही.

पूर्वी यासाठी पारा वापरत. तो घरात आणू नये. पाणी वाऱ्याच्या झुळकीनं थरथरतं आणि लवकर थांबत नाही. काकवी चालते, जुन्या प्रवाशांनी वापरलेलीही आहे, पण नागपूरच्या गच्चीवर तिचा पहिला गिऱ्हाईक सूर्य नसतो, मुंग्या असतात. सगळ्यांत बरं म्हणजे गॅरेजमधलं वापरलेलं, काळं इंजिन ऑइल. काळं का, तर तळ दिसत नाही आणि तळाचं दुसरं प्रतिबिंब मिसळत नाही. २२ सेंटिमीटर व्यासाची परात, आतून काळा मॅट रंग मारलेली, आणि तिच्यात ८ मिलिमीटर थर. सुमारे ३०० मिलिलिटर तेल लागतं. थर जाड केला तर एकदा हललेलं तेल थांबायला वेळ घेतं, आणि फार पातळ केला तर परातीचा खोलगटपणा वर दिसायला लागतो. जानेवारीत सकाळी तेल थंडीनं घट्ट असतं, ओतल्यावर बुडबुडे धरून ठेवतं. म्हणून ते मोजणीच्या तासभर आधी ओतायचं. वर धुळीची साय धरते. वर्तमानपत्राचा कागद पृष्ठभागावर अलगद टेकवून एका कडेनं ओढून घेतला की ती निघते.

वाऱ्यासाठी परातीवर काचेचं छप्पर हवं: दोन काचा वर टेकवून केलेलं, तंबूच्या आकाराचं. या छपरानं पुढे काय घोळ घातला तो येईलच. गच्चीवरची जागा ठरवताना पाण्याच्या टाकीची सावली सकाळी सव्वादहा ते दुपारी अडीचपर्यंत कुठे फिरते हे आदल्या दिवशी पाहून ठेवलं. परात स्लॅबच्या मध्यावर न ठेवता खालच्या भिंतीच्या किंवा खांबाच्या डोक्यावर ठेवायची, कारण स्लॅबचा मधला भाग माणूस चालला तरी हलतो. खालची पाण्याची मोटर सुरू झाली की प्रतिबिंबाची कड लगेच कातरल्यासारखी दिसायला लागते. तेलाइतका चांगला कंपमापक या इमारतीत दुसरा नसावा.

सेक्स्टंट प्लॅस्टिकचा होता, ड्रमवर, म्हणजे कला वाचायच्या फिरत्या चकतीवर, ०.२ कलेपर्यंत वाचता येणारा, ३ पट दुर्बिणीचा. प्लॅस्टिकचं यंत्र उन्हात वाकतं, आणि ही ऐकीव गोष्ट नाही, पुढे आकड्यांत दिसेल. ते अर्धा तास आधी गच्चीवर सावलीत नेऊन ठेवायचं, म्हणजे हवेच्या तापमानाला येतं.

मग आरसे. फिरत्या दांड्यावरचा आरसा यंत्राच्या पाटीला काटकोनात आहे का हे पाहायला दांडा ३५ अंशांच्या आसपास लावायचा आणि आरशात दिसणारी मोजपट्टीची कमान व प्रत्यक्ष कमान सलग दिसते का ते बघायचं. पायरी दिसली तर मागचा स्क्रू थोडा फिरवायचा. दुसरा, अर्धा आरसा: वाचन शून्यावर आणून दूरच्या एखाद्या टॉवरच्या टोकाकडे पाहिलं तर टोकाच्या दोन प्रतिमा शेजारी-शेजारी पडू नयेत. ही दुरुस्ती आधी, शून्याची चूक मोजणं नंतर. उलट क्रमानं केलं तर दुसऱ्या स्क्रूनं पहिलं काम बिघडतं.

शून्याची चूक, म्हणजे दोन्ही प्रतिमा जुळल्या असताना यंत्र शून्याऐवजी जे दाखवतं ते, सूर्यावरच मोजली. दोन्ही बाजूंच्या गडद काचा लावूनच. शून्यावर सूर्य दुर्बिणीतून थेटही दिसतो, हे विसरलं तर डोळा जातो. खरा सूर्य आणि परावर्तित सूर्य एकदा वरच्या कडेनं, एकदा खालच्या कडेनं टेकवायचे. एका बाजूला ३४.६ कला आल्या, शून्याच्या पलीकडे ३०.६. पलीकडचं वाचन ड्रमवर २९.४ दिसतं, ते ६० मधून वजा करायचं असतं. नवख्या माणसाचा पाय पहिल्यांदा इथेच घसरतो. दोन्हींतला फरक निम्मा केला की २.० कला, ही शून्याची चूक. यंत्र तेवढं जास्त दाखवत होतं, म्हणून वजा करायची. दोन्हींची बेरीज ६५.२, तिचा चौथा भाग १६.३ कला. जानेवारीतल्या सूर्याची त्रिज्या नेमकी तेवढीच असते, म्हणजे टेकवणं नीट जमलंय. हा ताळा न करता पुढे जाऊ नये.

तारीख १२ जानेवारी २०२५, रविवार. जानेवारी का, याला कारण आहे. सेक्स्टंटची कमान ६० अंशांची, आरशांमुळे तिच्यावर १२० अंश मोजता येतात. तेलात पाहिल्यानं कोन दुप्पट होतो, म्हणून सूर्य ६० अंशांच्या वर गेला की कमान संपते. नागपूरचा अक्षांश २१ अंशांच्या थोडा वर. मे अखेरीस सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, पायाखालची सावली नाहीशी होते. तेव्हा हे यंत्र दुपारी निकामी. जानेवारीच्या मध्यावर मात्र सूर्य दुपारी सुमारे ४७ अंशांवर, दुप्पट ९४. आरामात मावतो.

मध्यान्ह कधी हे आधी काढून ठेवायचं. आपलं घड्याळ ८२° ३०′ रेखांशावर चालतं. धंतोलीतल्या त्या गच्चीचा रेखांश फोनवर ७९° ०४.८′ होता. फरक ३° २५.२′, एका अंशाला ४ मिनिटं या हिशेबानं १३ मिनिटं ४१ सेकंद. त्यात वेलांतर, म्हणजे घड्याळाचा सरासरी सूर्य आणि खरा सूर्य यांतला फरक. तो त्या दिवशी ८ मिनिटं १९ सेकंद, खरा सूर्य मागे. एकूण १२ वाजून २२ मिनिटांनी सूर्य याम्योत्तरावर, म्हणजे माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर. 'बारा वाजता सूर्य माथ्यावर' हे धरून १२ ला आलेला माणूस बावीस मिनिटं ऊन खात बसतो.

खुर्चीत बसून डोळा परातीपासून १.१ मीटर उंच, तर परात पायांपुढे साधारण १ मीटरवर हवी, म्हणजे ४७ अंशांच्या कोनात प्रतिबिंब दिसतं. आधी नुसत्या डोळ्यांवर गडद काच धरून, डोकं पुढे-मागे करत तेलातला सूर्य शोधायचा, आणि तो सापडला की खुर्ची तिथेच सोडायची. सेक्स्टंट ९४ अंशांवर लावून ठेवला की दोन्ही सूर्य एकाच नजरेत येतात. शून्यावरून सूर्य ओढत खाली आणण्याची समुद्रावरची सवय इथे नको. ९४ अंश ओढत येताना तो हमखास हरवतो.

दोन सूर्य दिसतात. यंत्रातून आलेला सुलटा, तेलातला उलटा. यंत्रातल्या सूर्याची खालची कड तेलातल्या सूर्याच्या वरच्या कडेला टेकवायची. तेलातली वरची कड ही खऱ्या सूर्याची खालची कड असते, म्हणून ही मोजणी खालच्या कडेची. दोन सूर्य वर-खाली बदलले तर वरच्या कडेची मोजणी होते आणि उत्तर ३२ कलांनी, जवळपास ६० किलोमीटरनी फिरतं. कुठला सूर्य कुठला हे ओळखायला परातीवर हात आडवा धरायचा. जो नाहीसा होतो तो तेलातला. दोन्हींच्या काचा वेगवेगळ्या रंगांच्या ठेवल्या तर हेही करावं लागत नाही. समुद्रावर यंत्र डावी-उजवीकडे झुलवून सर्वांत खालचा बिंदू शोधतात, इथे त्याची गरज नाही: तेलातलं प्रतिबिंब सूर्याच्या बरोबर खालीच असतं. फक्त टेकवणं नजरेच्या मध्यावर व्हावं, कडेला नको. ड्रम नेहमी एकाच दिशेनं फिरवून थांबायचं, नाहीतर दातांमधली ढिलाई वाचनात येते.

सर्वांत मोठं वाचन आलं ९४° ०२.२′. हिशेब असा. शून्याची चूक २.० वजा, ती निम्मं करण्याच्या आधीच: ९४° ००.२′. निम्मे ४७° ००.१′. वक्रीभवन, म्हणजे हवेत किरण वाकल्यानं सूर्य जेवढा वर दिसतो तेवढं, वजा. या उंचीला कोष्टकात ०.९ कला असतात, पण कोष्टक थंड हवेचं आणि समुद्रसपाटीचं. नागपूर ३१० मीटरवर, दुपारची हवा गरम, म्हणून ०.८. लंबन, म्हणजे पृथ्वीच्या केंद्राऐवजी पृष्ठभागावरून पाहिल्यानं पडणारा फरक, ०.१ मिळवायचं. ४६° ५९.४′. सूर्याची त्रिज्या १६.३ मिळवली की केंद्र ४७° १५.७′. ते ९० मधून वजा केलं की माथ्यापासूनचं अंतर ४२° ४४.३′. सूर्य दक्षिणेला, त्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, दक्षिण २१° ३५.४′. ती वजा केली: अक्षांश २१° ०८.९′.

फोन २१° ०८.० म्हणत होता. चूक ०.९ कला, सुमारे १.७ किलोमीटर उत्तरेला. म्हणजे धंतोलीतली गच्ची उचलून शून्य मैलाच्या खांबापाशी, त्या चार घोड्यांच्या शेजारी नेऊन ठेवली. भूमापनाच्या खुणेजवळच गेली, हे त्यातल्या त्यात बरं.

पण ०.९ कला चूक म्हणजे मूळ वाचनात १.८. तीनपट दुर्बिणीत एवढी फट डोळ्यांना दिसते, ती टेकवताना सुटणार नाही. म्हणून छपराकडे पाहिलं. खिडकीच्या काचेच्या दोन बाजू क्वचितच समांतर असतात. काच किंचित पाचरीसारखी असली की आतून जाणारा किरण वळतो. आकाशातला सूर्य आपण छपराशिवाय पाहतो, तेलातला मात्र छपराच्या दोन्ही काचांतून, म्हणून वळण एकाच बाजूला पडतं. उपाय काचा बदलण्याचा नाही, छप्पर उलटं फिरवण्याचा आहे: डोळ्याकडची काच सूर्याकडे करायची आणि मोजणी पुन्हा घ्यायची. मध्यान्हीच्या दोन मिनिटं अलीकडे-पलीकडे सूर्याची उंची ०.२ कलेपेक्षा कमी बदलते, तेवढ्यात हे उरकतं. फिरवल्यावर वाचन ९४° ०५.०′ आलं, त्यातून अक्षांश २१° ०७.५′. दोन्हींची सरासरी २१° ०८.२′. चूक ०.२ कला, चारशे मीटरच्या आत. छप्पर न फिरवता एकाच बाजूनं पन्नास वाचनं घेऊन सरासरी काढली असती तरी ती शून्य मैलावरच राहिली असती.

क्रांतीचा आकडा कुठून आणायचा? कोलकात्याच्या पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटरच्या वार्षिक खगोलीय कोष्टकातून तो सरळ मिळतो. पण घरातल्या पंचांगातूनही काढता येतो, आणि तिथली खोच माहीत असावी. आपल्या बहुतेक पंचांगांत सूर्याचा निरयन भोगांश असतो, म्हणजे राशिचक्रातलं त्याचं ताऱ्यांपासून मोजलेलं स्थान. त्या दुपारी तो धनु राशीत २८ अंश ७ कला, म्हणजे २६८° ०७′. संक्रांत दोनच दिवसांवर होती. त्यात अयनांश, म्हणजे ताऱ्यांपासूनचा आरंभबिंदू आणि वसंतसंपात यांतलं अंतर, २४° १२′ मिळवला की संपातापासून मोजलेला, सायन भोगांश २९२° १९′. क्रांतीची ज्या (साइन) म्हणजे २३° २६′ ची, पृथ्वीच्या अक्षाच्या तिरपेपणाची, ज्या गुणिले या भोगांशाची ज्या. उत्तर दक्षिण २१° ३५′. अयनांश मिळवायला विसरलं तर क्रांती २३° २५′ येते आणि नागपूर दोनशे किलोमीटर दक्षिणेला, तेलंगणात जातं. सायन-निरयन वाद महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या रंगला. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीत नागपूरचे के. ल. दप्तरी होते. धर्मशास्त्राचं काय ठरायचं ते ठरो, सेक्स्टंटला फक्त सायन कळतं.

अक्षांश हा भाग सोपा. रेखांशाला वेळ लागते आणि वेळेचीच खोड निघते.

मध्यान्हीचा क्षण पकडून रेखांश काढावा असं वाटतं, पण माथ्यावरचा सूर्य सपाट चालतो. २ मिनिटांत उंची ०.१७ कलेनं उतरते, ४ मिनिटांत ०.७. मोजणी कितीही चांगली असली तरी सर्वोच्च बिंदूची वेळ मिनिटाच्या आत ठरत नाही, आणि वेळेचं एक मिनिट म्हणजे नागपूरच्या अक्षांशावर २६ किलोमीटर. त्यापेक्षा जुनी युक्ती बरी: सकाळी सूर्य एका उंचीवरून चढताना वेळ टिपायची, दुपारी त्याच उंचीवरून उतरताना पुन्हा टिपायची, मध्य काढायचा. यात कोन किती हे कळण्याची गरजच नाही, फक्त दोन्ही वेळा तोच असला पाहिजे. शून्याची चूक, वक्रीभवन, काचेची पाचर सगळं आपापसात कटतं. छपराची बाजू मात्र सकाळी डोळ्याकडे होती तीच दुपारी डोळ्याकडे हवी. काचेच्या एका कोपऱ्यावर खडूनं फुली मारून ठेवली.

सकाळी सव्वादहानंतर सूर्य ३८ अंशांवर असताना तेलातला कोन मिनिटाला १६-१७ कलांनी वाढतो. यंत्र ७५° ४०′ ला लावून थांबलो. चढताना दोन सूर्य आधी एकमेकांवर आलेले असतात, मग सरकत सरकत कडांना टेकतात आणि सुटतात. उतरताना उलट, फट मिटत येते. ७५° ४०′ ला सकाळी १०:२१:०७, दुपारी १४:२३:०८. ७६° ००′ ला १०:२२:२२ आणि १४:२२:०१. ७६° २०′ ला १०:२३:३२ आणि १४:२०:५५. मध्य अनुक्रमे १२:२२:०७.५, ११.५ आणि १३.५. सरासरी १२:२२:११.

यातून ५ सेकंद वजा करायचे असतात आणि ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. या चार तासांत सूर्य स्वतः उत्तरेकडे सरकलेला असतो, तासाला ०.४ कला. दुपारी तो तेवढा उत्तरेला असल्यानं त्याच उंचीवर थोडा उशिरा उतरतो, आणि मध्य पुढे ढकलला जातो. सूर्याचं हे सरकणं २१ डिसेंबरच्या आसपास शून्य, मार्चमध्ये सर्वांत जास्त. उरले १२:२२:०६. वेलांतर काढून टाकलं की १२:१३:४७. १३ मिनिटं ४७ सेकंद म्हणजे ३° २६.८′. ८२° ३०′ मधून वजा, रेखांश ७९° ०३.२′. फोनपेक्षा १.६ कला कमी. इथे रेखांशाची कला १.७३ किलोमीटर, म्हणून पावणेतीन किलोमीटर पश्चिमेला, अंबाझरीच्या दिशेनं.

१.६ कला म्हणजे वेळेत सहा सेकंद. ते गेले कुठे? दुपारी अडीचला शून्याची चूक पुन्हा मोजली, २.० ची ३.२ झालेली. प्लॅस्टिक तापलं. दुपारी यंत्र ज्याला ७६ अंश म्हणत होतं ते सकाळच्यापेक्षा १.२ कलेनं कमी होतं, म्हणजे सूर्य थोडा आणखी उतरेपर्यंत वाट पाहिली गेली. दुपारची वेळ ४ सेकंद उशिरा, मध्य २ सेकंद पुढे. उरलेले चार 'आला!' हा शब्द तोंडातून निघणं आणि दुसऱ्यानं घड्याळाकडे मान वळवणं यांत. सकाळी कड सुटल्याचं उशिरा कळतं आणि दुपारी फट लवकर मिटल्यासारखी वाटते. या दोन चुका मध्य काढताना एकमेकींना खातात. आवाजाचा उशीर मात्र दोन्ही वेळा एकाच दिशेचा, तो जसाच्या तसा राहतो. मान वळवण्याऐवजी फोनच्या रेकॉर्डरवर सेकंदांचे टोल आणि आवाज दोन्ही एकत्र घेतले तर हे चार सेकंद बरेचसे निघतात. फोनची वेळ इंटरनेटवरून आधी जुळवून घ्यायची.

जॉन हॅरिसनचं समुद्री घड्याळ १७६१-६२ मध्ये जमेकाच्या सफरीवर गेलं तेव्हा, चालीची दुरुस्ती धरून, ८१ दिवसांत सुमारे ५ सेकंद चुकलं होतं. आमचे ६ एका दिवसात गेले, उपग्रहाशी जोडलेलं घड्याळ खिशात असताना.

याच भागात दोनशे वर्षांपूर्वी हे काम अर्ध्या टनाच्या थिओडोलाइटनं, म्हणजे भूमापनाच्या कोन मोजणाऱ्या यंत्रानं, चाललं होतं. १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून भारताचं त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारा विल्यम लॅम्टन हैदराबादेकडून नागपूरला निघाला होता, वाटेत जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. अक्षांशासाठी तो सूर्याच्या मागे लागत नसे. माथ्याजवळून जाणारे तारे एका उभ्या दुर्बिणीनं मोजत असे. कारण सरळ आहे, माथ्यावर वक्रीभवन जवळजवळ शून्य. नागपूरच्या माथ्यापासून दोनच अंशांवरून स्वाती जातो. तेलाच्या परातीला मात्र तो काही उपयोगाचा नाही, कोन १७६ अंशांवर जातो.

रात्री काय करता येतं? ध्रुव सर्वांना आधी आठवतो. तेल या कोनात साधारण सातवा भाग प्रकाश परत देतं, म्हणजे दुसऱ्या प्रतीचा ध्रुव तेलात चौथ्या प्रतीचा होतो (प्रतीचा आकडा मोठा तितका तारा मंद). नागपूरच्या उजेडात तो सापडत नाही. सापडला तरी 'ध्रुवाची उंची म्हणजे अक्षांश' हे धरू नये. तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून सध्या ३७-३८ कला दूर आहे. १२ जानेवारीला संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास तो बिंदूच्या बरोबर वर असतो. दुरुस्ती न करता अक्षांश काढला तर नागपूर सत्तर किलोमीटर उत्तरेला, सावनेर ओलांडून मध्य प्रदेशात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस, अरबी समुद्रातले नाखवे दातात दोरी धरून लाकडी फळीच्या कमालनं ध्रुव मोजत होते, तेव्हा हाच तारा ध्रुवबिंदूपासून सुमारे साडेतीन अंश दूर होता. पृथ्वीचा अक्ष वर्षाला ५० विकला (कलेचे साठावे भाग) घसरतो, त्याचा हा परिणाम. दोरीवरची गाठ त्या-त्या बंदरातली ध्रुवाची उंची सांगे, पण तारा वर आहे की खाली हे नाखव्याला दुसऱ्या ताऱ्यांवरून ओळखावं लागे.

तेलासाठी उजळ तारे हवेत. व्याध रात्री साडेअकराच्या सुमारास याम्योत्तरावर येतो, ५२ अंशांवर, दुप्पट १०४. तेलात दिसतो. त्याच्या वीसेक मिनिटं आधी अगस्त्य, फक्त १६ अंशांवर, दुप्पट ३२. दिसतो छान, पण वक्रीभवन तीन कलांच्या वर, आणि शहराच्या धुरात तेवढ्या खाली हवा कशी आहे यावर भरवसा ठेवता येत नाही. ब्रह्महृदय उत्तरेला ६५ अंशांवर, कमानीबाहेर. उत्तर आणि दक्षिण असे दोन तारे जवळपास सारख्या उंचीवर मिळाले तर यंत्राची चूक अक्षांशात एकदा मिळवली आणि एकदा वजा होते, सरासरीत जाते. जानेवारीच्या नागपुरी रात्री तेलात दिसेल अशी ती जोडी जमत नाही.

दुपारची मोजणी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालते. त्यानंतर सूर्य ६० च्या वर आणि कमान अपुरी, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. समान उंचीच्या जोड्या मात्र उन्हाळ्यातही घेता येतात, सकाळी आठ-साडेआठ आणि दुपारी चार-सव्वाचारला. मेमध्ये गच्चीवर तेल पाण्यासारखं पातळ होतं आणि हलू लागलं की थांबत नाही. थर ८ ऐवजी ५ मिलिमीटर ठेवावा लागतो. त्या उन्हात प्लॅस्टिकच्या यंत्राची शून्याची चूक दर तीन वाचनांनंतर तपासायची.